सरपणासाठी एकापेक्षा जास्त चेनसॉ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी लागला की आमच्याकडे आगोटीच्या फाट्यांची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या जळणाची घाई सुरू होते आणि चेनसॉबद्दलचे (लाकूड कापायच्या यांत्रिक करवतीबद्दलचे) तेच तेच प्रश्न फोनवर, व्हॉट्सॅपवर यायला लागतात. म्हणून एकदाच सगळे गोळा करून ठेवलेत. सगळं कोकणातल्या घरगुती जळणाच्या हिशोबाने लिहिलंय, म्हणजे न्हाणीची चूल, भात उकडायचं चुलवण, लग्नकार्याची मोठी चूल वगैरे. वखारवाल्यांचं गणित वेगळं असतं.

१. घरच्या जळणासाठी दोन चेनसॉ खरंच लागतात का, की ही नुसती हौस?

वर्षाला एखाद ट्रॉली जळण लागत असेल तर एक मशीन पुरते. दुसरीचा विचार करायच्या आधी पहिलीसाठी एक जादा बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) आणि दोन जादा चेन घ्या, त्यात निम्मी कामं भागतात (का ते प्रश्न ९ मध्ये). दोन मशीन खऱ्या उपयोगी पडतात ते दोन कारणांनी. एक, मोठी मशीन फांद्यांवर चालवून हात मोडतात आणि लहान मशीन बुंध्यावर चालवून मशीन मोडते. दुसरं, रानात घरापासून लांब एक बंद पडली की गड्यांची मजुरी चालू आणि काम ठप्प. तिसरी मशीन मात्र ती वेगळं काहीतरी करणार असेल तरच घ्यावी, सेल लागलाय म्हणून नाही. आमच्याकडे पडवीत चारचार मशीन टांगलेली घरं आहेत, त्यातल्या चालू किती ते विचारू नका.

२. दोन घ्यायच्याच तर कुठल्या कुठल्या घ्याव्यात?

एक ३० ते ३५ सीसीची हलकी, १४ किंवा १६ इंची बारची. स्टिल कंपनीची एमएस १८० घेतली तर ती ३१.८ सीसीची, वजन चार किलोच्या आसपास, फांद्या आणि मांडीएवढ्या जाडीचे ओंडके आरामात कापते. दुसरी ४५ ते ६० सीसीमधली, १८ इंची बारची, बुंध्यांसाठी. ७० सीसीच्या पुढच्या मशीन (एमएस ३८२ ही ७२ सीसीची) मोठी झाडं पाडणाऱ्यांच्या कामाच्या, घरी ती वर्षातून दोनदा निघते आणि बाकी वेळ तिचा कार्बोरेटर चोंदत बसतो.

ऑनलाइन ५८ सीसी, २२ इंची म्हणून ज्या स्वस्तातल्या मशीन येतात त्या चालतात, वाईट नाहीत, पण खोक्यावरचे सीसी आणि आतले सीसी जुळतीलच असं नाही, आणि एवढ्या इंजिनला २२ इंची बार जास्तच होतो. त्यावर १८ चा बार लावा, तीच मशीन एकदम शहाण्यासारखी वागते. घेताना एकच गोष्ट बघा, तालुक्याच्या गावात तिचा दोरीचा स्टार्टर, क्लच, कार्बोरेटर किट मिळतं का.

३. त्यातली एक बॅटरीची किंवा करंटवरची घेतली तर?

माझ्या मते दुसरी मशीन म्हणून हा सगळ्यात चांगला पर्याय, आणि लोक नेमका हाच टाळतात. खळ्यात आणून टाकलेले ओंडके चुलीच्या मापाने तोडायचे असतील तर करंटवरची १६ इंची मशीन पेट्रोलच्या निम्म्या कटकटीत काम करते. धूर नाही, पेट्रोल-ऑइलचं मिश्रण नाही, चोक नाही. फक्त ती साधारण २००० वॅटची असते, म्हणजे नऊ अँपिअरच्या आसपास ओढते, तिला मोठा पॉवर प्लग पाहिजे आणि लांब न्यायची तर जाड वायर, निदान २.५ स्क्वेअर एमएमची. गणपतीच्या लाइटिंगची वायर जोडून चालवली की व्होल्टेज पडतं, मोटर तापते आणि मग मशीन खराब निघाली म्हणून ओरड. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर ती चालणार नाही. ओल्या अंगणात तर अजिबात नको.

बॅटरीची सहा इंची मिनी मशीन काजू-आंब्याच्या छाटणीला मस्त, पण तिला जळणाची मशीन समजू नका.

४. एका मशीनला पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली ऑइल सांगतात, दुसरीला ४० मिली. दोन कॅन ठेवायचे का?

हो, दोन रंगांचे. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, २५ ला १ म्हणजे ४० मिली. बऱ्याच ब्रँडेड मशीन त्यांच्या स्वतःच्या चांगल्या टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनच्या) ऑइलवर ५० ला १ मागतात आणि साधं ऑइल असेल तर २५ ला १. स्वस्तातल्या मशीनच्या पुस्तकात बहुतेक २५ ला १ असतं. पुस्तकात असेल तेच खरं.

घोटाळा झालाच तर कुठल्या बाजूने झाला ते महत्त्वाचं. ऑइल जास्त झालं तर धूर होतो, प्लग काळा पडतो, सायलेन्सर चोंदतो, म्हणजे साफ करून भागतं. ऑइल कमी झालं तर पिस्टन सीझ होतो, म्हणजे आत अडकून बसतो, आणि तो खर्च बघून माणूस नवीन मशीनच घेतो. बाटलीच्या झाकणाने अंदाजपंचे मोजू नका, मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा. आणि कॅनवर मार्करने प्रमाण आणि तारीख लिहा, कारण साधं पेट्रोल आणि मिश्रण पटकन ओळखू येत नाही आणि नुसतं पेट्रोल टाकून मशीन संपवणारा कोणीतरी प्रत्येक वाडीत असतोच.

५. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने मशीनला त्रास होतो का?

होतो, पण वापरताना कमी आणि ठेवून दिल्यावर जास्त. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडे हवेत पाणीच पाणी. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट खाली बसतं, कार्बोरेटरमधले रबरी पडदे आणि पाइप कडक होतात. म्हणून मिश्रण महिनाभराचंच करायचं आणि वापरून झाल्यावर टाकी रिकामी (प्रश्न १७). तुमच्या मशीनला किती टक्के इथेनॉल चालतं ते पुस्तकात दिलेलं असतं, जुन्या मशीनना बहुतेक १० टक्क्यांपर्यंतच असतं, त्यामुळे जुन्या मशीनवाल्यांनी जास्त जपायचं.

६. चेनसाठी गाडीचं काढलेलं काळं ऑइल चालतं ना? सगळे तेच टाकतात.

सगळे टाकतात हे खरं, पण नको. त्यात धातूचा बारीक चुरा असतो, तो ऑइलचा छोटा पंप आणि बारची खाच दोन्ही खातो, आणि ते तेल चेनवरून उडून अंगावर, श्वासात, लाकडावर जातं, आणि जळकं इंजिन ऑइल कातडीला चांगलं नाही हे डॉक्टरला विचारायची गरज नाही. बार ऑइल मिळालं तर उत्तम, नाहीतर नवीन साधं २०-डब्ल्यू-४० इंजिन ऑइल घाला.

तेल येतंय का ते बघायला मशीन रेस करून बारचं टोक वाळक्या ओंडक्यासमोर वीतभर धरा, तेलाची रेघ उमटली पाहिजे. एक टाकी पेट्रोल संपेपर्यंत तेलाची टाकी बऱ्यापैकी खाली गेली पाहिजे. तेल तसंच भरलेलं राहिलं तर आनंद मानू नका, भोक बुजलंय.

७. एका मशीनची चेन दुसरीला बसते का?

दिसायला सगळ्या सारख्या, बसतात क्वचित. तीन गोष्टी जुळाव्या लागतात, पिच (चेनच्या दुव्यांमधलं अंतर), गेज (खाचेत फिरणाऱ्या दातांची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची संख्या, म्हणजे आतल्या बाजूचे जे दात खाचेत फिरतात त्यांची मोजदाद. उदाहरण द्यायचं तर एमएस २५० ला पॉइंट ३२५ इंच पिच आणि १.६ मिमी गेज लागतं, आणि बाजारातल्या २० इंची ५८ सीसीवाल्यांना बहुतेक तेच पॉइंट ३२५ पण १.५ मिमी गेज आणि ७६ लिंक. म्हणजे पिच तेच असूनही १.६ ची चेन १.५ च्या खाचेत शिरणार नाही, आणि १.५ ची १.६ मध्ये डुगडुगत फिरेल आणि तिरकं कापेल.

बारवर, स्प्रॉकेटजवळच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाजवळच्या) टोकाला हे आकडे कोरलेले असतात, मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दुकानात तोच दाखवा. दुसरी मशीन घेताना शक्य असेल तर पहिलीशी पिच जुळणारीच घ्या. निदान कानस तरी एकच लागते.

८. धार कधी लावायची आणि कानस कुठली?

भुशाकडे बघा. चांगली धार असेल तर लाकडाच्या छोट्या चपट्या ढलप्या पडतात, धार गेली की पिठासारखा बारीक भुसा उडतो आणि तुम्ही नकळत मशीन दाबायला लागता. दाबावं लागलं की थांबायचं. दोन टाक्या संपल्या की दोनचार हात कानस मारून घ्यायची, पूर्ण बोथट व्हायची वाट बघायची नाही.

कानस गोल, आणि मापाची. लहान मशीनच्या ३/८ लो प्रोफाइल (बुटक्या दातांच्या) चेनला ४ मिमी, पॉइंट ३२५ ला ४.८ मिमी, मोठ्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५ मिमी, चेनच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. कोन ३० अंश, तो दातावरच्या रेघेवरून दिसतो. आतून बाहेर एकाच दिशेने, परत येताना उचलून, प्रत्येक दाताला सारखेच हात. एका बाजूचे दात लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड राहिले की मशीन कापताना गोल फिरते, लोक मग बार बदलतात, आणि बिचाऱ्या बारचा काही दोष नसतो. चारपाच धारांनंतर दातापुढची उंचवट्याची खुंटी चपट्या कानशीने थोडी उतरवायची, दाताच्या टोकापेक्षा ती साधारण ०.६५ मिमी खाली पाहिजे. जास्त उतरवली तर मशीन उसळायला लागते.

धार लावली की बार उलटा फिरवून बसवा आणि खाचेतला भुसा काढा.

९. ओंडक्यात बार अडकला. आता काय?

मशीन बंद. रेस करून ओढायचं नाही, क्लच जळतो. फट जरा उघडते का बघा, लाकडी पाचर ठोका किंवा पहारीने ओंडका उचला. लोखंडी पाचर चेनजवळ ठोकू नका.

नाहीच निघाली तर इथे दुसरी मशीन कामाला येते. अडकलेल्या जागेपासून फूट-दीड फूट लांब कापा, अगदी शेजारी नको, नाहीतर दोन्ही चेन एकमेकींना भेटतील. आणि दुसरी मशीन नसेल तर बारच्या नटा सोडून इंजिन काढून घ्या, बार-चेन ओंडक्यातच राहू दे, इंजिनावर जादा बार-चेन चढवा आणि तिनेच कापून सोडवा. प्रश्न १ मध्ये जादा बार घ्या म्हटलं ते यासाठी.

१०. बार अडकूच नये म्हणून काय करायचं?

ओंडका कुठे टेकलाय ते बघून कापायचं. दोन्ही टोकं टेकलीत आणि मध्ये पोकळ असेल तर वरची बाजू आवळते, म्हणून वरून एक तृतीयांश कापा आणि उरलेलं खालून. एकच टोक टेकलंय आणि दुसरं अधांतरी असेल तर उलटं, आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. जमिनीवर सपाट पडलेला असेल तर सगळ्या तुकड्यांच्या जागी वरून पाऊण खोल काप द्या, मग ओंडका लोळवा आणि दुसऱ्या बाजूने पूर्ण करा. चेन तांबड्या मातीला एकदा जरी लागली तरी धार गेली, चिऱ्याच्या तुकड्याला लागली तर विचारूच नका.

११. दोघं भाऊ दोन मशीन घेऊन एकाच वेळी कामाला लागलो तर लवकर होईल ना?

एकाच ओंडक्यावर नाही. दोघांच्याही कानावर आवाज अडवणारे मफ, दोन इंजिनांचा आवाज, मागे कोण आलं कळत नाही. एकाने कापायचं, दुसऱ्याने फांद्या ओढायच्या, ओंडके लोळवायचे आणि तासाभराने बदली करायची, यात खरं तर जास्त काम होतं. दोन मशीन चालवायच्याच असतील तर वेगवेगळ्या ढिगांवर, एकमेकांना दिसाल असे. उभं झाड पाडत असताना दुसरा माणूस झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब.

१२. किकबॅक म्हणजे नक्की काय? मशीन उसळते तेच का?

तेच. बारच्या टोकाचा वरचा अर्धा भाग लाकडाला किंवा मागच्या फांदीला लागला की चेन तिथे चावते आणि बार क्षणात वर, तुमच्या तोंडाकडे येतो. ढिगात टोक खुपसून कापणाऱ्यांना हे हमखास होतं. डावा अंगठा पुढच्या दांड्याखालून घेऊन मूठ पूर्ण आवळलेली, डावा हात सरळ, मान बारच्या रेषेत नाही. पुढचा ब्रेक (चेन जागच्या जागी थांबवणारा) रोज सुरुवातीला तपासायचा. खांद्याच्या वर मशीन न्यायची नाही, शिडीवर चढून तर नाहीच, मग तो कितीही अनुभवी गडी असो.

कानाला मफ हवेतच, आवाज शंभर डेसिबलच्या वर असतो. डोळ्यांना जाळी, पायात बूट, आणि चेनसॉची खास पॅन्ट किंवा पुढून बांधायचे चॅप्स. त्यातले धागे चेनमध्ये गुंडाळून तिला थांबवतात. लुंगी आणि स्लीपरवर मशीन चालवणारे रोज दिसतात, सगळ्यांचे पाय शाबूत आहेत म्हणून ते बरोबर ठरत नाही.

१३. कुठल्या लाकडाला कुठली मशीन? माड कापावा का?

ऑस्ट्रेलियन बाभूळ, सुरू, काजूच्या फांद्या लहान मशीनवर. वाळलेली चिंच आणि ऐन दगडासारखे, मोठी मशीन आणि ताजी धार. माडाचं खोड कापता येतं पण धागे निघतात, ते स्प्रॉकेटच्या झाकणात गच्च बसतात आणि बाहेरचा कडक थर धार खातो, म्हणून जुनी चेन लावा आणि मधूनमधून झाकण उघडून साफ करा. जळण म्हणूनही माड काही ग्रेट नाही.

बिब्ब्याच्या झाडाला मशीन लावायचीच नाही. चीक भुशाबरोबर अंगभर उडतो, फोड येतात, जाळलं तर धूरही बाधतो. कुंपणाच्या झाडात खिळे आणि तारा असतात, तिथे आधी कोयत्याने साल सोलून बघा.

१४. ओलं कापायचं की सुकवून?

ओलं कापा, ओलं फोडा, मग सुकवा. ओलं लाकूड चेनला सोपं जातं आणि फोडलेलं लवकर सुकतं. जानेवारी-फेब्रुवारीत कापून फोडलं तर मार्च ते मे उन्हात तीन महिने मिळतात, मिरगाच्या आधी मांगरात (शेतातल्या कोठारात). खाली दोन आडवी दांडकी टाकून त्यावर रचा, जमिनीला टेकवू नका, वाळवी लागते. सुकलंय का ते बघायला दोन तुकडे एकमेकांवर आपटा, टणटण वाजले तर झालं, थपथप वाजले तर अजून ऊन द्या. टोकाला मध्यापासून भेगा पडलेल्या दिसतात.

फोडायला चेनसॉ वापरू नका. उभं कापायला वेळ आणि पेट्रोल दोन्ही जातं, कुऱ्हाड आणि पाचरच बरी. गाठीचा बुंधा तेवढा अपवाद, त्याला वरून मशीनने खाच मारून द्यायची आणि मग पाचर.

१५. आपल्याच जागेतलं झाड, परवानगी कशाला?

मशीन तुमची, जागा तुमची, तरी काही झाडांना लागते. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा, फणस, साग, खैर, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ, हिरडा, मोह अशी झाडं आहेत, ती खाजगी जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. गाव नगरपंचायत किंवा नगरपरिषदेत असेल तर १९७५ चा शहरी भागाचा वेगळा कायदा लागतो. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे वेगळेच निर्बंध आहेत, तिकडच्यांनी आधी वनविभागात विचारल्याशिवाय दोरी ओढू नये. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. लाकूड गाडीत घालून न्यायचं असेल तर वाहतूक पासचंही विचारून घ्या, नाक्यावर अडवल्यावर नाही.

१६. वादळात पडलेल्या झाडाचं काय?

निसर्ग वादळ (जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) नंतर हा प्रश्न थांबलेलाच नाही. आधी कागद. नुकसान भरपाई मागायची असेल तर पंचनामा होईपर्यंत कापू नका, रस्ता किंवा घर अडलं असेल तर निदान सगळ्या बाजूंनी फोटो काढून तलाठ्याला कळवा. वीजवाहिनीला लागलेल्या झाडाला हात लावायचा नाही, वीज कंपनीकडून लाइन बंद केल्याचं कळेपर्यंत.

मग काम. मुळासकट पडलेल्या झाडाचा मातीचा गड्डा उभा असतो, खोड कापलं की तो धाडकन परत खड्ड्यात बसू शकतो, म्हणून गड्ड्याच्या मागे किंवा खड्ड्यात कोणी उभं राहायचं नाही, मुलं तर लांबच ठेवा. आधी लहान मशीनने शेंड्याकडच्या फांद्या, पण ज्या फांदीवर झाड टेकलंय ती सगळ्यात शेवटी. वाकून ताणलेली फांदी एका झटक्यात कापली तर चाबकासारखी येते, आतल्या बाजूने थोडं थोडं कापत ताण सोडवा. बुंध्याचे तुकडे प्रश्न १० प्रमाणे.

१७. पावसाळ्यात मशीन ठेवायची कशी?

टाकी रिकामी करा, मग चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत स्लोवर चालवा म्हणजे कार्बोरेटरही सुकतो. चेन-बार काढून पुसा, तेलाचा हात द्या. एअर फिल्टर धुऊन वाळवा. प्लग काढून चमचाभर टू-टी ऑइल आत, दोरी हळू दोनदा ओढा, प्लग परत. मग माळ्यावर, चुलीच्या वर नव्हे. एकापेक्षा जास्त मशीन असतील तर एक लहान मशीन पावसातही तयार ठेवा, पडलेली फांदी वाट बघत नाही, आणि तिला पंधरा दिवसांनी एकदा पाच मिनिटं चालवा.

१८. एप्रिल-मेत गरम मशीन परत चालू होत नाही, दोरी ओढून खांदा गेला.

बहुतेक वेळा गरम मशीनला चोक दिलेला असतो, पेट्रोल जास्त झालेलं असतं. चोक बंद, रेस पूर्ण दाबून चारसहा वेळा दोरी ओढा. तरी नाही तर प्लग काढून पुसा. सावलीत दहा मिनिटं ठेवा. गरम इंजिनात लगेच पेट्रोल ओतू नका, आणि जिथे पेट्रोल भरलं तिथून दोनचार पावलं बाजूला जाऊन चालू करा. गवत वाळलेलं असतं आणि वणवा लागायला तेवढं पुरतं.

१९. शेजारी मशीन मागतो. द्यावी का?

मशीन नको, माणसासकट द्या. म्हणजे आपण जाऊन कापून द्यायचं, चहा प्यायचा. मोठी तर कधीच नाही. अगदीच नाही म्हणता येत नसेल तर जुनी चेन लावून द्या आणि मिश्रण आपल्याच कॅनमधलं, भरून, कारण प्रश्न ४.

२०. दुसरी मशीन जुनी घेतली तर काय बघायचं?

थंड मशीन मागा, आधीच गरम करून ठेवली असेल तर संशय घ्या. स्विच बंद ठेवून दोरीचा दांडा धरून मशीन हवेत लटकवा. कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) चांगलं असेल तर ती अडत अडत खाली येते, भसकन उतरली तर पिस्टन-रिंग गेली. काही मशीनना सोप्या स्टार्टसाठी डिकॉम्प्रेशन बटण असतं, ते दाबलेलं नाही ना बघा. सायलेन्सर काढून पिस्टनवर उभे ओरखडे दिसतात का ते टॉर्चने बघा. स्लोवर चेन फिरत राहत असेल तर आधी स्लोचं ट्युनिंग कमी करायला सांगा, तरी फिरली तर क्लचची स्प्रिंग गेलेली असते. ती स्वस्तात बदलते, पण भाव पाडायला चांगली.